शिलालेखातल्या चार आकड्यांची एक संख्या : कागद-पेन्सिलीनं ९३३२७०१८७५० ची तपासणी

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गुजरी महालाच्या बाजूनं चढायला लागलं की वाटेतच चतुर्भुज मंदिर लागतं. एकाच खडकात कोरलेलं, अगदी लहान. बहुतेक माणसं मान मंदिर गाठायच्या घाईत असतात, त्यामुळे तिथे थांबत नाहीत. पण आतल्या भिंतीवर एक लेख आहे आणि त्यात संवत ९३३ असा काळ दिलेला आहे. म्हणजे इ.स. ८७६, प्रतिहार राजा मिहिर भोजाची कारकीर्द. देवासाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बाग दिली, तिथून रोज ५० माळा यायच्या, अशी ती नोंद. २७० मधलं शून्य आणि ५० मधलं शून्य, दोन्ही लहान, गोल, आपण आज लिहितो तशी.

कंबोडियात इ.स. ६८३ च्या शिलालेखात याहून जुनं शून्य आहे, ठिपक्याच्या रूपात. त्यामुळे ‘जगातलं पहिलं शून्य’ हे बिरुद आता आपल्या मंदिराला लावू नये. पण साडेअकराशे वर्षांपूर्वी कोरलेला आकडा आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, डोळ्यांनी वाचता येतो, हे भाग्य थोडं नाही.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. चाळीस वर्षं हिशेबाच्या वह्या लिहिल्या. सुटीत नातीला मोठ्या संख्येशी नीट ओळख करून द्यायची होती, म्हणून या लेखातले चार आकडे ओळीनं जोडले : ९३३, २७०, १८७, ५०. झाली संख्या ९३३२७०१८७५०. ही संख्या शिलालेखात नाही, ती आपण तयार केली आहे. तिच्यात कुणी काही दडवून ठेवलेलं नाही आणि पुढे जे सुंदर निघेल तो निव्वळ योगायोग आहे. एवढं मनाशी धरून कामाला लागू.

सामान : चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. कॅल्क्युलेटर वापरायचाच असेल तर बारा अंकी घ्या. आठ अंकीवर ही संख्या मावतच नाही.

आधी नीट लिहा, मग मोठ्यानं वाचा

उजवीकडून तीन अंक, मग दोन-दोन : ९३,३२,७०,१८,७५०. वाचन : त्र्याण्णव अब्ज, बत्तीस कोटी, सत्तर लाख, अठरा हजार, सातशे पन्नास. आपल्याकडची मुलं हिंदी शाळेत ‘अरब’ शिकतात. तोच मराठीतला अब्ज, शंभर कोटी. तसंच शाळेतली ‘अभाज्य संख्या’ म्हणजे आपली मूळ संख्या. हे दोन शब्द मुलांना सुरुवातीलाच जुळवून द्या, नाहीतर निम्मा वेळ भाषांतरातच जातो.

अंक मोजा. अकरा हवेत. हे वाक्य मी उगीच लिहीत नाही, ते का ते लगेच कळेल.

दोन ताळे : नवाचा आणि अकराचा

जुन्या हिशेबनिसांना नवाचा ताळा ठाऊक असतो. सगळे अंक मिळवायचे, उत्तर एक अंकी होईपर्यंत पुन्हा मिळवायचे. आपल्या संख्येत ९+३+३+२+७+०+१+८+७+५+० = ४५, आणि ४+५ = ९. मूळ चार आकड्यांचाही ताळा पाहा : ९३३ चा ६, २७० चा ९ म्हणजे शून्य, १८७ चा ७, ५० चा ५. बेरीज १८, म्हणजे ९. जुळलं.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या दिवशी मी मोबाइलवरच्या फोटोवरून आकडे कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला उतरवले आणि २७० मधलं शून्य गळालं. कागदावर आलं ९३३२७१८७५०. नवाचा ताळा पाहिला, तोही ९. चाळीस वर्षांचा विश्वास, त्या बळावर मी सरळ अवयव पाडत बसलो. दुपार गेली. शेवटी उत्तर आलं :

९३३२७१८७५० = २ × ३×३×३×३×३ × ५×५×५×५×५×५ × १२२९

१२२९ ही मूळ संख्या. उत्तर चोख होतं, पण संख्याच भलती होती. नात संध्याकाळी आली, तिनं बोट ठेवून अंक मोजले आणि म्हणाली, “आजोबा, हे दहाच आहेत.”

नवाचा ताळा शून्याला पाहूच शकत नाही. शून्य असलं काय, नसलं काय, अंकांची बेरीज तीच. दोन अंकांची अदलाबदल झाली तरी तो गप्प राहतो. म्हणून सोबत अकराचा ताळा घ्यायचा. एककाच्या अंकापासून डावीकडे जात एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा :

०−५+७−८+१−०+७−२+३−३+९ = ९

म्हणजे ११ नं भागल्यावर बाकी ९. आता शून्य गळालेली संख्या :

०−५+७−८+१−७+२−३+३−९ = −१९

−१९ मध्ये २२ मिळवले की ३. म्हणजे बाकी ३. चूक जागच्या जागी सापडली. कारण सरळ आहे : शून्य गेलं की त्याच्या डावीकडचा प्रत्येक अंक एक घर सरकतो, अधिकचा उणे होतो, उण्याचा अधिक. मधलं शून्य आपल्या शेजाऱ्यांना त्यांच्या घरात बसवून ठेवतं, हे मुलांना इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

दोन शून्यं लागोपाठ गळाली तर मात्र अकराचाही ताळा फसतो, कारण चिन्हं पुन्हा पहिल्यासारखी होतात. त्यासाठी पुढे तीन-तीन अंकांचा ताळा येतोच आहे.

२ आणि ५ बाहेर काढा

हे झटपट होतं. शेवटी शून्य आहे, म्हणून १० काढा : ९३३२७०१८७५. आता ५ नं भागत राहा :

१८६६५४०३७५
३७३३०८०७५
७४६६१६१५
१४९३२३२३

इथे थांबलो. एकूण एक २ आणि पाच ५ निघाले. ५ नं भागायची सोपी रीत : दुप्पट करा आणि शेवटचं शून्य काढून टाका.

३ : इथे एक खड्डा आहे

१४९३२३२३ च्या अंकांची बेरीज २७. म्हणून ९ नं भाग जातो : १६५९१४७. हिची बेरीज ३३, म्हणून आणखी एकदा ३ : ५५३०४९. हिची बेरीज २६, आता ३ नं जात नाही. एकूण तीन वेळा ३, म्हणजे २७.

खड्डा असा. मुलं म्हणतात, “अंकांची बेरीज २७ आली, म्हणून २७ नं भाग गेला.” इथे तसं झालं खरं, पण तो नियम नाही. मूळ संख्येचीच बेरीज पाहा : ४५. ती २७ च्या पाढ्यात नाही, तरीही संख्येला २७ नं निःशेष भाग जातो. अंकांची बेरीज ३ आणि ९ पुरतीच विश्वासाची. २७ ची खरी कसोटी तीन-तीन अंकांचे गट पाडून बेरीज घेण्याची :

९३ + ३२७ + ०१८ + ७५० = ११८८ = २७ × ४४

हे चालतं कारण ९९९ = २७ × ३७. म्हणजे हजाराला २७ नं किंवा ३७ नं भागलं की बाकी १ उरते, आणि हजार-हजारांचे गट नुसते मिळवले तरी बाकी बदलत नाही. या एका ओळीत बहुतेक सगळ्या कसोट्यांचं मूळ आहे. ९, ९९९, ९९९९९ यांचे अवयव पाडून ठेवा, कसोट्या आपोआप हाती येतात. पाठ करायची गरज नाही.

७, ११, १३ एका दमात

१००१ = ७ × ११ × १३. म्हणून हजाराला यांपैकी कुणीही भागलं तर बाकी ‘उणे एक’. तेव्हा तीन-तीनचे गट आता आळीपाळीनं मिळवायचे आणि वजा करायचे :

७५० − ०१८ + ३२७ − ०९३ = ९६६

९६६ = ७ × १३८, म्हणजे ७ नं जातो. ११ नं भागल्यावर बाकी ९ (मघाचाच ताळा पुन्हा जुळला), १३ नं भागल्यावर बाकी ४. एका वजाबाकीत तिघांचा निकाल.

आपल्या हातातल्या ५५३०४९ ला ७ नं भागलं की ७९००७. पुन्हा ७ नं भागून पाहिलं तर बाकी ५. म्हणजे ७ एकदाच.

७९००७ : चिकाटीची पायरी

आता कुठपर्यंत शोधायचं? २८१ चा वर्ग ७८९६१, २८२ चा त्याहून मोठा होऊन ७९००७ ओलांडतो. म्हणून २८१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. त्यातल्या एकीनंही भाग गेला नाही, तर ७९००७ स्वतःच मूळ.

लक्षात घ्या, किती काम वाचलं. सुरुवातीच्या संख्येचं वर्गमूळ ३,०५,४९४ च्या थोडं पुढे आहे. लहान अवयव आधी काढून टाकल्यामुळे ती तीन लाखांची सीमा २८१ वर आली. म्हणून प्रत्येक अवयव सापडला की लगेच भागा आणि सीमा नव्यानं काढा. मोठी संख्या तशीच ठेवून भाजक शोधत बसणं हा वेळ घालवायचा हमखास मार्ग.

वहीत बाक्या लिहीत चला :

१७ : बाकी ८
१९ : बाकी ५
२३ : बाकी २
२९ : बाकी ११
३१ : बाकी १९
३७ : बाकी १२ (गटांची बेरीज ७९ + ७ = ८६, त्यातून ७४ वजा; भागाकार करायलाच नको)
४१ : बाकी ०

७९००७ = ४१ × १९२७. आता सीमा पुन्हा खाली येते : ४४ चा वर्ग १९३६, म्हणून ४३ पर्यंतच पाहायचं. राहिले फक्त ४१ आणि ४३. ४१ नं पुन्हा भागलं, आणि १९२७ = ४१ × ४७.

त्या क्षणी नातीनं पेन्सिल खाली ठेवली आणि वही माझ्याकडे सरकवली. अकरा अंकी संख्येचा सगळ्यात मोठा मूळ अवयव ४७! कुठलेही आकडे जोडून संख्या केली तर शेवटी सहसा चार, सहा, आठ अंकी मूळ संख्या उरते आणि तिच्यापुढे काही चालत नाही. शून्य गळालेल्या संख्येतही १२२९ अडून बसला होताच. एक शून्य जागेवर बसलं आणि ७, ४१, ४७ आत आले, १२२९ नाहीसा झाला.

४१ साठीही एक देखणी कसोटी आहे. ९९९९९ = ४१ × २४३९. म्हणून पाच-पाच अंकांचे गट मिळवा. मूळ संख्येचे गट : ९, ३३२७०, १८७५०.

९ + ३३२७० + १८७५० = ५२०२९ = ४१ × १२६९

पूर्ण संख्या न भागता ४१ सापडला. ही कसोटी शाळेत सहसा शिकवत नाहीत, पण मुलांना ती फार आवडते.

सगळं एकत्र आणि ताळा

९३३२७०१८७५० = २ × ३×३×३ × ५×५×५×५×५ × ७ × ४१×४१ × ४७

उलटा गुणाकार करून पाहा : ५४ × ३१२५ = १,६८,७५०. त्याला ७ नं गुणून ११,८१,२५०. त्याला १६८१ नं गुणून १,९८,५६,८१,२५०. त्याला ४७ नं गुणा (५० पट करून ३ पट वजा केली की सोपं जातं) आणि आपली संख्या परत आली.

अकराचा ताळाही घ्या. अवयवांच्या बाक्या : २ ची २, २७ ची ५, ३१२५ ची १, ७ ची ७, १६८१ ची ९, ४७ ची ३. गुणत जा, ११ ओलांडलं की बाकी घ्या. शेवटी ९ येते.

अवयव हाती आल्यावर काय काय कळतं

*विभाजक किती?* प्रत्येक मूळ अवयव किती वेळा घ्यायचा याचे पर्याय मोजा. २ साठी दोन पर्याय (घेतला किंवा नाही), ३ साठी चार, ५ साठी सहा, ७ साठी दोन, ४१ साठी तीन, ४७ साठी दोन. २×४×६×२×३×२ = ५७६. शून्य गळालेल्या संख्येचे विभाजक १६८ होते.

*विभाजकांची बेरीज.* (१+२) × (१+३+९+२७) × (१+५+२५+१२५+६२५+३१२५) × (१+७) × (१+४१+१६८१) × (१+४७), म्हणजे ३ × ४० × ३९०६ × ८ × १७२३ × ४८. येतात ३१० अब्ज १२ कोटी १ लाख ५१ हजार ४०. यातून संख्या स्वतः वगळली तरी २१६ अब्ज ७९ कोटी ३१ लाख ३२ हजार २९० उरतात, संख्येच्या दुपटीहून जास्त. बेरीज संख्येहून मोठी येणार हे मात्र इतकं न गुणताही सांगता आलं असतं. संख्येला ६ नं भाग जातो, म्हणून तिचा अर्धा, तिसरा आणि सहावा भाग हे तिचे विभाजक आहेत, आणि त्या तिघांची बेरीजच पूर्ण संख्येएवढी. वर विभाजक १ आहेच.

*वर्गाचा भाग.* जोड्या काढा : ३ ची एक, ५ च्या दोन, ४१ ची एक. ३ × २५ × ४१ = ३०७५. उरलं २ × ३ × ५ × ७ × ४७ = ९८७०.

९३३२७०१८७५० = ९८७० × ३०७५ × ३०७५

म्हणजे संख्येला ९८७० नं गुणलं की ती पूर्ण वर्ग होते. त्याहून लहान गुणक चालत नाही.

*दोन वर्गांचं गणित.* शेवटचे अंक ५०, ४ नं भागल्यावर बाकी २. अशी संख्या दोन पूर्ण वर्गांची वजाबाकी कधीच नसते, कारण त्या वजाबाकीला ४ नं भागून बाकी ०, १ किंवा ३ च येते. दोन वर्गांची बेरीजही ती नाही. ३ हा अवयव विषम वेळा, म्हणजे तीनदा आला आहे आणि तेवढ्यानं वाट बंद होते. (ज्या मूळ संख्येला ४ नं भागून बाकी ३ येते, तिला हा नियम लागतो. ७ आणि ४७ नंही तो मोडतो.)

*सहमूळ किती?* १ पासून आपल्या संख्येपर्यंत किती संख्यांचा तिच्याशी १ खेरीज एकही सामाईक विभाजक नाही? संख्येला क्रमानं १/२, २/३, ४/५, ६/७, ४०/४१, ४६/४७ नं गुणा. उत्तर २० अब्ज ३६ कोटी ८८ लाख, शेकडा सुमारे २२.

*दशांश अपूर्णांक.* १ ला या संख्येनं भागलं तर? २ एकदा आणि ५ पाचदा आहे, म्हणून दशांशचिन्हानंतरचे पहिले पाच अंक आवर्तनाबाहेरचे. मग २७ चं आवर्तन ३ अंकी, ७ चं ६ अंकी, ४१ चं ५ अंकी (म्हणूनच मघाशी पाचांचे गट चालले), ४१ च्या वर्गाचं २०५ अंकी, ४७ चं ४६ अंकी. ३, ६, २०५ आणि ४६ यांचा लसावि २८,२९०. तेवढ्या अंकांचं आवर्तन. हे कागदावर करून पाहू नका, पण १/७ आणि १/४१ जरूर करून पाहा.

शेवटची पायरी : बाग

शिलालेखातली बाग २७० हात × १८७ हात, म्हणजे ५०,४९० चौरस हात. आपल्या संख्येएवढं क्षेत्रफळ असलेली बाग आखायची, बाजू पूर्णांकात आणि होईल तितकी चौरसाजवळ, तर बाजू कोणत्या? ५७६ विभाजकांच्या २८८ जोड्या होतात. त्यातली कुठली?

मी ९८७० चे ९४ × १०५ केले आणि दोघांना ३०७५ नं गुणलं : २,८९,०५० × ३,२२,८७५. फरक ३३,८२५. मला वाटलं, झालं. नात ऐकेना. तिनं सगळे विभाजक सहा गटांत वाटले : ४१ शून्य, एक किंवा दोन वेळा, आणि त्या प्रत्येकात ४७ घेऊन किंवा न घेता. प्रत्येक गटात ३,०५,४९४ च्या जवळ यायला २, ३, ५, ७ मधून किती हवं ते भागाकारानं काढायचं आणि तेवढ्याच्या आसपासचे विभाजक पाहायचे. ४१ दोन वेळा आणि ४७ वगळून, या गटात १८१ च्या आसपासचं काहीतरी हवं होतं. ७ × २५ = १७५ सापडले. १६८१ × १७५ = २,९४,१७५. जोडीदार २ × २७ × १२५ × ४७ = ३,१७,२५०. फरक २३,०७५. उरलेल्या पाच गटांत याहून जवळचं काही मिळालं नाही. सगळ्यात जवळ आला तो ४७ च्या गटातला २,९३,७५०, तोही ४२५ नं मागे राहिला.